टेलचं पाणी

आप्पांना आम्ही मासे दाखवायला नेलं होतं आणि ते बघत राहिले पाणी. नोव्हेंबरची सकाळ होती. कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला अमेरिकन नदीवर निंबस नावाचं बुटकं धरण आहे, त्याच्या पायथ्याशी सरकारी मत्स्यबीज केंद्र. अंडी घालायला समुद्रातून नदीत येणारे सॅल्मन मासे वर चढायला लागले की शनिवार-रविवारी इथे पोराबाळांसकट गर्दी होते. सिमेंटच्या पायऱ्यांवरून फेसाळ पाणी खाली येत असतं आणि त्या पाण्याला छाती देत हात-दीड हात लांबीचे मासे वर उसळत असतात. फोटोत ते रुबाबदार दिसतात. जवळून पाहिलं तर शेपट्या झिजून पांढऱ्या पडलेल्या, पाठीवर बुरशीचे चट्टे, नरांचे जबडे वाकडे होऊन दात बाहेर आलेले. समुद्रातून नदीत शिरल्यापासून त्यांच्या पोटात काही गेलेलं नसतं, अंगात जे साठवलंय त्याच्या जोरावर हा सगळा चढ. खाली गोट्यांमध्ये मेलेल्यांचा खच आणि त्यावर गिधाडं. वास असा की माझ्या मुलीने जॅकेटची कॉलर नाकावर ओढून घेतली.

"हे पानी बारमाही असतंय का गं?" आप्पांनी विचारलं.

"वरून सोडतात. माशांसाठी ठरावीक सोडावंच लागतं."

"आन् फुडं कुठं जातं?"

"पुढे सॅक्रामेंटो नदी, मग खाडी, मग समुद्र."

ते थोडा वेळ गप्प उभे होते. मग रेलिंगवरचा हात काढून म्हणाले, "चांगलं गोड पानी समुद्राला घालायचं. तेबी मासं वर यावंत म्हणून. लय झालं बाबा ह्यांचं." आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि थोडी हळहळ. नातीचं बोट धरून ते गाडीकडे निघाले. मला उत्तर येत होतं. इतकी वर्षं इथे राहून, वर्तमानपत्रांतली भांडणं वाचून, मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर याच केंद्रात उभं राहून ते सगळं मला पाठ झालंय. पण आप्पांसमोर ते तोंडातून निघेना, आणि का निघेना हे नंतर बरेच दिवस डोक्यात घोळत राहिलं.

आमचं शेत नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचं, इंदापूर तालुक्यातलं. टेलचं. ज्यांनी टेलची शेती केलीय त्यांना पुढचं सांगायला नको. आमची पाळी कागदावर असायची, चारीत नसायची. वरच्या अंगाला ऊस. त्यांचं भिजल्याशिवाय, भिजून पुन्हा एकदा भिजल्याशिवाय पाणी खाली सरकायचं नाही. मध्ये कुणी चारी फोडलेली, कुणी रात्रीची मोटर टाकलेली. पाटकऱ्याला आधी चहा, मग जेवण, मग आणखी काही. आवर्तन संपत आलं की आप्पा खोरं आणि बॅटरी घेऊन चारीच्या तोंडाशी जाऊन बसायचे. डोक्याला मफलर, पायात काही नाही. सुट्टी असली की मीही जायची. पहिलं पाणी येतं तेव्हा त्याचा आवाज पाण्याचा नसतोच. पाचट, वाळका पाला, मुंग्यांचे पुंजके, गुटख्याच्या पुड्या असं सगळं पुढे ढकलत ते येतं, नुसती खसखस होते. आप्पांना ती आमच्या कितीतरी आधी ऐकू यायची. "आलं," म्हणायचे आणि उठायचे. मग दारं धरायची, सरीमागून सरी, पहाटेपर्यंत. कधीकधी अर्ध्या वावरातच पाणी तुटायचं, वर कुणीतरी तोडलेलं असायचं. तेव्हा आप्पा शिव्या देत नसत. खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ओल्या आणि कोरड्या मातीच्या मधल्या रेघेकडे बघत उभे राहायचे.

अशा माणसाला, पाणी समुद्रापर्यंत जाऊ द्यावं लागतं, हे मी काय तोंडाने सांगणार होते?

नंतर आम्ही फ्रेस्नोला गेलो, ओळखीच्या एका घरी. सॅक्रामेंटोपासून दक्षिणेकडे हमरस्त्याने निघालं की दोन्ही बाजूंना तासन्‌तास फक्त शेती. बदाम, पिस्ता, द्राक्षं, पुन्हा बदाम. झाडं इतकी ओळीत की गाडी पळायला लागली की रांगा उघडतात आणि मिटतात. मधूनच बांधावर पाट्या. पाणी नाही तर काम नाही. अन्न पिकवणं म्हणजे पाणी वाया घालवणं का? हा दुष्काळ संसदेने केलेला आहे. आप्पांनी प्रत्येक पाटी वाचून घेतली, म्हणजे मला वाचायला लावली, आणि हसले. "म्हंजे हितंबी तेच." पाट्यांमागे बागा हिरव्यागार होत्या हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही, पण शेतकऱ्याने तक्रार करावी आणि पीक चांगलं असावं यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. मलाही वाटत नाही. बाग आज हिरवी आहे म्हणजे पुढच्या वर्षीचं पाणी नक्की आहे असं थोडंच असतं. बदामाचं झाड वीस-पंचवीस वर्षांसाठी लावलेलं असतं, एखाद्या वर्षी पाणी कमी आलं म्हणून ते भाजीसारखं सोडून देता येत नाही.

फ्रेस्नोच्या वरच्या अंगाला सॅन वाकीन नदीवर फ्रायंट धरण आहे, १९४२ सालचं. त्याच्या खांद्यातून दोन कालवे निघतात. एक उत्तरेला मडेराकडे आणि दुसरा दक्षिणेला थेट बेकर्सफील्डपर्यंत, २४५ किलोमीटर. हा दुसरा, फ्रायंट-कर्न कालवा, आप्पांना दाखवायचा होता. तारेच्या कुंपणाला नाक लावून ते उभे राहिले. काँक्रीटचं अस्तर, काठोकाठ हिरवट निळं पाणी, कुठे पाझर नाही, कुठे वेडी बाभळ उगवलेली नाही, कुणाची मोटर नाही. "टेलला पोचत आसंल," ते म्हणाले. पोचतं, मी म्हटलं. त्यांनी कुंपणाच्या तारेला असा हात लावला की मला एकदम गलबलून आलं. माणूस आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी रात्री जागला ती गोष्ट जगात कुठेतरी होते, एवढंच त्याला बघायचं होतं.

आणि नदी? नदीचं पुढे काय झालं हे कालव्याच्या काठावरून दिसत नाही. धरण झाल्यावर तिच्यात सोडत होते ते लगतच्या काठांवरच्या हक्कदारांपुरतं. ग्रॅव्हली फोर्ड नावाच्या जागेच्या पुढे पाणी बहुतेक वर्षी जायचंच नाही. त्याखालचा शंभरेक किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाळू, खुरटी झुडपं आणि टायरांच्या खुणा. या नदीत वसंतात चढणारा सॅल्मन होता. सिएरा डोंगररांगेतलं बर्फ वितळून नदी फुगली की तो समुद्रातून वर यायचा, उन्हाळाभर डोंगरातल्या खोल थंड डोहांत दम धरून राहायचा आणि शरदात अंडी घालायचा. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांनी लिहून ठेवलंय की रात्री माशांच्या धडपडीच्या आवाजाने झोप लागत नसे. धरणानंतर काही वर्षं मत्स्य खात्याची माणसं त्यांना वाचवायला झटली. १९४८ मध्ये खालच्या अंगाला सापळा लावून दोनेक हजार मासे पकडले, टाकीच्या ट्रकमध्ये घातले आणि कोरड्या पट्ट्याला वळसा घालून वर धरणाखाली नेऊन सोडले. मासे डोहांत राहिले, अंडी घातली, पिल्लंही झाली. पण त्या पिल्लांना समुद्राकडे जायला खाली नदीच नव्हती. १९५० च्या आसपास हा सॅल्मन या नदीतून संपला.

याहून विचित्र भाग पुढे आहे. नदीच्या खालच्या अंगाला मेंडोटापाशी जे जुने हक्कदार होते, त्यांना पाणी देणं भाग होतं. त्यांचं पाणी तर कालव्यातून दक्षिणेला गेलेलं. मग दोनशे किलोमीटरवरच्या डेल्टातून, जिथे सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन एकमेकींना भेटून खाडीकडे वळतात तिथून, उत्तरेच्या नदीचं पाणी पंपांनी उचललं आणि वेगळा कालवा खणून मेंडोटाला आणून ओतलं. एका नदीचं पाणी पळवलं म्हणून दुसरीचं आणून भरपाई. आप्पांना हे जेवताना सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "आन् ह्यांना आपन हुशार म्हनतो," ते म्हणाले.

तो डेल्टा मी पाहिला आहे. दिसायला काहीच नाही. बांध, बांधाआड समुद्रसपाटीच्या खाली गेलेली शेतं, बोरूसारखं गवत, आणि कुठून कुठे वाहतंय ते न कळणारं पाणी. न कळण्याचं कारण भरती-ओहोटी हे आहेच, पण पंप जोरात चालले की दक्षिणेकडच्या ओल्ड रिव्हर आणि मिडल रिव्हर या दोन फाट्यांना ओढ उलट्या बाजूची बसते. समुद्राकडे जाण्याऐवजी त्या पंपांकडे वाहायला लागतात. बोटभर लांबीचं सॅल्मनचं पिल्लू डोंगरातून निघालेलं असतं ते प्रवाहाच्या भरवशावर. प्रवाहच फिरला तर ते बिचारं पंपांच्या दिशेने भरकटतं. वाटेत मोठे मासे टपून असतात, बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो. जी पंपांपर्यंत पोचतात त्यांच्यासाठी मोठ्या गाळण्या आहेत. पिल्लं बाजूला वळवायची, टाकीत घ्यायची, मोजायची, टँकरमध्ये भरायची आणि डेल्टाच्या पश्चिम टोकाला नेऊन पुन्हा पाण्यात सोडायची. हे रोजचं काम आहे, पगारी माणसं करतात. आमच्याकडे टँकर माणसांना पाणी आणून देतात, इथे टँकर माशांना नदी पार करून देतात.

दुष्काळी वर्षी मत्स्यबीज केंद्रातली पिल्लंसुद्धा अशीच टँकरने थेट खाडीपर्यंत नेतात, कारण नदीत सोडली तर कोमट, उथळ पाण्यात जगत नाहीत. जगण्याचं प्रमाण वाढतं हे खरं. पण सॅल्मन परत येतो तो वासावर. लहानपणी ज्या ज्या पाण्यातून गेला त्या त्या पाण्याचा वास त्याच्या लक्षात राहतो आणि तीन-चार वर्षांनी समुद्रातून येताना तो एकेक वास ओळखत वर चढतो. ट्रकमधून गेलेल्याला वाटेतलं काहीच ओळखीचं नसतं. मग ते भलत्याच नदीत शिरतात. विमानात बसून आलेल्या आम्हा लोकांबद्दल इथे काहीतरी लिहायचा मोह होतोय, तो आवरते.

पाणी किती, याच्याइतकाच प्रश्न पाणी किती थंड, हा आहे, आणि तो मला बराच उशिरा कळला. सॅल्मनची अंडी गोट्यांखाली असतात. मादी शेपटीने खड्डा करते, अंडी घालते, वरच्या अंगाचे गोटे उडवून ती झाकते. या अंड्यांना साधारण १३ अंशांच्या आतलं पाणी लागतं. सॅक्रामेंटो नदीतला एक सॅल्मन हिवाळ्यात चढतो आणि भर उन्हाळ्यात अंडी घालतो. पूर्वी हे त्याला जमायचं कारण तो शास्ता पर्वताच्या झऱ्यांच्या पाण्यापर्यंत जायचा. १९४५ साली शास्ता धरण झालं आणि तो खाली, तापलेल्या खोऱ्यात अडकला. आता त्याची सगळी भिस्त धरणाच्या तळाशी उरलेल्या गार पाण्यावर. वसंतात शेतीसाठी भरपूर पाणी सोडलं तर ऑगस्टपर्यंत तळाचा गारवा संपतो. २०१४ आणि २०१५ मध्ये तसंच झालं, शंभर अंड्यांमागे पाच-सहा पिल्लंसुद्धा मुश्किलीने वाचली. नदी वाहत होती. पुलावरून बघणाऱ्याला ती सुंदरच दिसली असणार.

फ्रेस्नोला त्या रात्री आप्पांना झोप येईना. मोबाईलवर नकाशा मोठा करून दे म्हणाले. धरण, दोन कालवे, डेल्टा, पंप असं सगळं बोट फिरवून फिरवून समजून घेतलं. मग विचारलं, "धरनातलं पैलं पानी कुनाला?"

"ज्यांचा हक्क सगळ्यांत जुना त्यांना. मग पुढच्यांना, मग त्यांच्या पुढच्यांना."

"आन् नदीला?"

"उरलं तर. आता कोर्टामुळे थोडं."

"म्हंजे नदीच टेलला घातली की ह्यांनी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी हा वाद शेतकरी विरुद्ध मासे असाच ऐकत आले होते, दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर तोच असतो. आप्पांनी तो चारीवर आणून ठेवला. वरच्याचं भिजल्याशिवाय खाली सोडायचं नाही, आणि वरच्याचं कधीच पुरेसं भिजत नाही. मासे, डेल्टा, खाडी, किनाऱ्यावरचे होडीवाले, हे सगळे त्या चारीच्या शेवटच्या वावरात. पण यामुळे आप्पांचं मत बदललं असं समजू नका. चादर ओढून घेत ते म्हणाले, "टेलला कुनी इचारत न्हाई. आमाला कुनी इचारलं व्हतं? आन् काईबी म्हन, समुद्राला पानी घालनं काय बरं न्हवं."

कायदा मात्र विचारत होता. धरणाच्या मालकाने खालचे मासे चांगल्या स्थितीत राहतील इतकं पाणी सोडलंच पाहिजे, असं कॅलिफोर्नियाच्या कायद्यात फ्रायंट बांधण्याच्या आधीपासून लिहिलेलं आहे. कायदा होता, पाणी नव्हतं. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९८८ मध्ये पर्यावरणवाले कोर्टात गेले, २००६ मध्ये तडजोड झाली, २००९ मध्ये नदीत पाणी सोडायला सुरुवात झाली. त्यानंतर वसंतातल्या सॅल्मनची पिल्लं दुसऱ्या खोऱ्यातून आणून सोडली आणि २०१९ मध्ये मोठे मासे समुद्रातून परतलेसुद्धा, साठ-पासष्ट वर्षांच्या खंडानंतर. वाटेतले अडथळे अजून सगळे निघालेले नाहीत, त्यामुळे काही टप्प्यांत त्यांना पकडून गाडीनेच वर न्यावं लागतं. आणि नदीला पाणी आल्यावर लगतच्या शेतांत पाझर वाढला म्हणून तिथले शेतकरी वैतागले. तेही खोटं नाही. साठ वर्षं कोरड्या नदीशेजारी कसलेलं रान, त्यात खालून ओल चढायला लागली तर कोण खूश होईल?

सकाळी चहा घेताना आप्पा अचानक म्हणाले, "आमच्या लहानपनी नीरेत अहिर गावायचा." मी अहिर कधी पाहिलेला नाही. हा नदीतला मोठा लांबडा मासा, सापासारखा, मनगटाहून जाड, हातातून निसटणारा. राख लावून धरायचे म्हणे. त्याची चव आप्पांना अजून आठवते, तेल सुटायचं, भाकरीशी लागायचा. मी त्यांना सांगितलं की अहिर हा सॅल्मनच्या नेमका उलटा. तो जन्मतो समुद्रात, पिल्लू असताना नदीने वर येतो, कितीतरी वर्षं गोड्या पाण्यात काढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातो. नीरेतला अहिर म्हणजे बंगालच्या उपसागरातून आलेला. विजयवाड्यापासून कृष्णा, मग भीमा, मग नीरा. आज त्याच वाटेवर प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला. आप्पांना हे ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कुठून येतो हे कुणी विचारलं नाही आणि यायचा कधी कमी झाला याची तारीखही कुणाकडे नाही. इथे निदान मोजणारी माणसं आहेत, नव्वद सालीही होती, साठ सालीही होती. मोजल्याने मासे वाचतातच असं नाही, पण भांडायला आकडा हातात असतो.

हे सगळं पाटपाण्याच्या माथी मारणं सोपं आहे आणि इथल्या काही चळवळ्या मित्रांना ते फार आवडतं. मला पटत नाही. सोन्यासाठी डोंगरच्या डोंगर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन नद्या गाळाने भरल्या ते आधीचं. धरणं विजेसाठी झाली, पुरासाठी झाली, शहरांसाठी झाली. समुद्र तापतोय. २०२० मध्ये केंद्रातली पिल्लं गोल गोल गिरक्या घेत मरायला लागली तेव्हा शोध घेतला तर आयांच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व कमी निघालं. समुद्रात त्या नुसते अँकोव्ही नावाचे बारीक मासे खात होत्या. कारणं अशी गुंतलेली. तरी कॅलिफोर्नियाची व्यावसायिक सॅल्मन मासेमारी २००८ आणि २००९ मध्ये बंद ठेवावी लागली आणि पुन्हा २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं, आणि या दुसऱ्या बंदीच्या मागे काही वर्षांचा दुष्काळ होता. दुष्काळात सगळ्यांचंच पाणी कापतात, फक्त ज्याचं कापलेलं दिसत नाही त्याचं जास्त कापलं जातं.

उत्तरेला क्लामथ नदीवर तर एका वर्षी एकाचं आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचं झालं. २००१ च्या दुष्काळात माशांसाठी कालव्याची दारं बंद ठेवली, शेतं करपली, शेतकऱ्यांनी दारं फोडायचा प्रयत्न केला. २००२ मध्ये दारं उघडली, शेतं भिजली आणि त्या सप्टेंबरात खाली, युरोक या मूळच्या आदिवासी लोकांच्या काठावर, उथळ कोमट पाण्यात दाटीने अडकलेले किमान ३४,००० सॅल्मन कल्ल्यांच्या रोगाने मेले. २०२४ मध्ये तिथली चार धरणं पाडली आणि पाडल्यावर काही आठवड्यांतच मासे थेट वरच्या ऑरेगन राज्यात दिसले. बातमी इकडे सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. पण ती धरणं विजेची होती. पाटाचं पाणी त्यांच्या वरच्या अंगाला उचलतात, ते तसंच आहे.

बदामाबद्दल मी फार ताठ मानेने बोलू शकत नाही. एका बदामाला गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, पाणी लागतं, असा हिशोब २०१४ च्या दुष्काळात इथे ज्याच्या त्याच्या तोंडी होता. जगातले पाचांतले चार बदाम याच खोऱ्यात पिकतात आणि परदेशी गिऱ्हाइकांत पहिला नंबर आपला. बहुतेक माल कवचासकट जातो, फोडायचं काम तिकडे होतं. परीक्षेच्या दिवसांत आई वाटीत बदाम भिजत घालायची, सकाळी साल काढून हातावर ठेवायची, बोटांना त्या सालीचा तुरट वास राहायचा. किराणावाला पुडी बांधताना "कॅलिफोर्निया आहे" असं अशा आवाजात सांगायचा की पुढे भाव विचारायची सोय राहायची नाही. आम्ही टेलला बसून ज्याची वाट बघायचो ते पाणी वरच्या उसात जायचं, आणि वाटीतल्या बदामांत जे पाणी होतं ते कुठल्या तरी दुसऱ्या टेलच्या वाट्याचं होतं. हे कळून मी बदाम सोडले का? नाही.

उलट दिशेने गेलेलंही काही आहे, ते फार कमी लोक सांगतात. मोकलमी नदीकाठी वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत. तिथे संशोधकांनी वेलींच्या पानांतला नायट्रोजन तपासला तर त्यातला बराच, काही ठिकाणी पाव हिश्शाच्या आसपास, समुद्रातून आलेला निघाला. सॅल्मन चढतात, अंडी घालून मरतात, गिधाडं आणि कोल्हे ती कलेवरं काठावर ओढून नेतात, माती खाते. म्हणजे समुद्राकडे सोडलेलं पाणी फुकट जात नव्हतं, माशांच्या अंगावरून खत होऊन परत वर येत होतं. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं, ते इंदापूरला परतल्यावर. खताचं त्यांना लगेच पटलं. मळी, शेणखत, कोंबडखत यांच्या भावावर ते दहा मिनिटं बोलले.

त्याच फोनवर भाताचंही सांगितलं. सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला योलो बायपास नावाचा पुराच्या पाण्यासाठी राखलेला रुंद पट्टा आहे, हमरस्ता त्याच्यावरून लांबच लांब पुलाने जातो. उन्हाळ्यात तिथे भात असतो. कापणीनंतर काड जाळायला बंधनं आली, तेव्हापासून हिवाळ्यात खाचरांत पाणी धरून काड कुजवतात. २०१२ च्या सुमारास संशोधकांनी या खाचरांत सॅल्मनची पिल्लं सोडून पाहिली. कुजत्या काडावर बारीक किड्यांची इतकी पैदास होते की पाणी ओंजळीत घेतलं तर वळवळताना दिसतं. ते खाऊन पिल्लं नदीतल्या भावंडांच्या कितीतरी पट वेगाने गुबगुबीत झाली. धरणांच्या आधी पुराचं पाणी या मैदानांवर पसरायचं तेव्हा हेच होत असणार. आता भातवाले आणि मासेवाले एका टेबलाशी बसतात, आणि बसताना कुणाच्या हातात पाटी नसते.

"भातवाल्याला काय भेटतं?" आप्पांनी विचारलं.

"काही योजनांतून पैसे मिळतात. शिवाय काड फुकटात कुजतं."

"भाताचं बसतंय. भातात तसंबी पानी उभंच असतंय. उसाचं काय करशील?"

"इथे ऊस नाही, आप्पा."

"बदाम मग. एकच की ते."

बदामाच्या बागेत महिनोन्‌महिने पाणी उभं केलं तर मुळ्या कुजतात, तिथे हा उपाय चालत नाही, असं मी म्हटलं.

"मग पाळी कमी घ्या म्हनावं त्यांना," आप्पा म्हणाले. "सांगून तर बघ, वरचा कोन ऐकतोय का." आणि त्यांनी फोन आईकडे दिला. डिसेंबरात येताना मी बदाम किती आणणार ते तिला आधी ठरवून हवं होतं.